एका मार्काचा प्रश्न: प्लेग कशामुळे पसरतो?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न, तोही शाळेतला. गाळलेली जागा भरा: प्लेग हा रोग ______ मुळे पसरतो. एक मार्क.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मनात "उंदीर" म्हटलं असणार. काही हुशार मंडळींनी "पिसू". पुस्तकात उत्तर पिसू असंच असतं. उंदीर लिहिलं तर एखाद्या बाई अर्धा मार्क द्यायच्या, एखाद्या सरळ लाल रेघ मारायच्या. मग आपण पुढच्या प्रश्नाकडे जायचो. मलेरिया, ॲनोफिलिस डासाची मादी. झालं.

आता गंमत बघा. या रिकाम्या जागेत तो एक शब्द बसायला जवळजवळ दहा वर्षं लागली. त्यातलं निर्णायक काम झालं आपल्या मुंबईत, परळला. आणि तो शब्द सापडेपर्यंत ज्या शब्दांवर लोकांचा विश्वास होता, म्हणजे घाण, हवा, स्पर्श, त्या शब्दांच्या नावाखाली घरं फोडली गेली, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं फासावर गेली. जीवशास्त्राच्या पुस्तकात हे नसतं आणि इतिहासाच्या पुस्तकात पिसू नसते. म्हणून आज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघू.

साल १८९६, सप्टेंबर महिना. मुंबईतलं मांडवी. बंदराला लागून असलेला, धान्याच्या गोदामांचा, दाटीवाटीचा भाग. तिथे डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे मूळचे गोव्याचे डॉक्टर पेशंट बघत होते. प्रचंड ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. हा प्लेग आहे असं त्यांनी उघडपणे सांगितलं. बंदराच्या शहरात हे म्हणणं सोपं नव्हतं, कारण प्लेग म्हटलं की जहाजं थांबणार, व्यापार थांबणार. मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात तर वर बघा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. तेव्हा प्लेगचा जिवाणू माहीत झालेला होता! दोनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन याने तो शोधला होता. जपानी शास्त्रज्ञ कितासातोही त्याच वेळी तिथे त्याच मागावर होता. म्हणजे आरोपी कोण ते कळलं होतं. तो घरात शिरतो कुठून, ते कळलं नव्हतं. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे हे आपण विसरतो. २०२० च्या त्या सुरुवातीच्या महिन्यांत आपणही भाजी साबणाने धूत होतो, आठवतंय? विषाणूचा अख्खा जनुकीय क्रम हातात होता आणि आपण कोथिंबीर धूत होतो.

तर १८९६ च्या मुंबईत काय काय पर्याय होते ते बघा. एक, दूषित हवा, म्हणजे जमिनीतून, गटारातून येणारी. दोन, रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे. तीन, दूषित धान्य. चार, अनवाणी पायांच्या भेगा, ज्यातून जमिनीवरचा जिवाणू आत जातो. आणि त्रास असा की यातला प्रत्येक पर्याय दिसणाऱ्या माहितीत फिट बसत होता. प्लेग कुठे होता? गरिबांच्या चाळींत. तिथे हवा कोंदट, गटारं तुंबलेली, एका खोलीत आठ माणसं, धान्याची पोती, पायात चप्पल नाही. सगळंच एकत्र. माझ्या कामात असं रोज होतं. सर्व्हर पडला की त्या दिवशी बदललेल्या दहा गोष्टी समोर येतात आणि प्रत्येक गोष्ट गुन्हेगार वाटते. अशा वेळी आणखी माहिती गोळा करून काही होत नाही. दहा गोष्टी एकमेकींपासून सुट्या कराव्या लागतात.

सरकारला सुट्या करायला वेळ नव्हता. त्यांनी सगळ्यांवरच हल्ला चढवला. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं, भिंतींना चुना फासला, घरात ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली, अंथरुणं-कपडे जाळले. रोग्याला उचलून हॉस्पिटलात आणि घरच्यांना छावणीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर, म्हणजे आजच्या कस्तुरबा हॉस्पिटलवर, चाल केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हो, तोच कायदा जो २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. लोकांनी मिळेल त्या गाडीने, होडीने शहर सोडलं. गिरण्या ओस पडल्या. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा कमी. वाढत्या शहराची लोकसंख्या अशी मागे सरकते तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज करा.

आणि ही पळालेली माणसं गाठोड्यांत काय घेऊन गेली? कपडे, गोधड्या, धान्य. त्यात आणखी कोण बसून गेलं असेल ते तुम्हाला आज कळतंय. तेव्हा कुणालाच कळत नव्हतं.

पुण्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. रँड प्लेग कमिटीचा प्रमुख. गोरे सोल्जर घराघरात शिरायचे, देवघरात, स्वयंपाकघरात, आणि बायका-पुरुषांच्या काखा-जांघा तपासायचे, गाठ आहे का म्हणून. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. याच नावाचा सिनेमाही आहे, नाही पाहिला तर पाहा. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात त्या प्लेगचे रोगी आणत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला.

या सगळ्यात मला एक गोष्ट राहून राहून खटकते. तपासणी माणसांची चालली होती. सगळा धाक, सगळी यंत्रणा माणसाच्या अंगाकडे वळलेली. आणि घराच्या आढ्यावर उंदीर मरून पडत होते.

असं नाही की उंदीर कुणाला दिसले नव्हते. येर्सिनने हाँगकाँगमध्येच मेलेल्या उंदरांत तो जिवाणू दाखवला होता. आपल्याकडच्या लोकांना तर ते त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत उंदीर मरायला लागले की गाव सोडायचं, ही रीत इंग्रज डॉक्टरांनी कितीतरी आधी नोंदवून ठेवली होती. आपल्याकडेही "उंदीर पडायला लागले" हे तीन शब्द पुरायचे. अख्खं गाव रानात खोपटी घालून राहायला जायचं. घरात कुणी नव्वदीच्या आसपासचं माणूस असेल तर त्यांना प्लेगच्या वर्षांबद्दल विचारा, त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेलं काहीतरी निघेलच.

मग लोकांना उत्तर माहीत होतं का? अर्धं. कारण उंदीर हे उत्तर धरलं तर काही गोष्टी जुळत नाहीत. उंदराला हातही न लावलेल्या माणसाला प्लेग होतो. आणि मेलेला उंदीर बराच वेळ पडून राहिला असेल तर तो उचलणाऱ्याला काहीच होत नाही, पण नुकताच मेलेला उचलला तर होतो. असं का? जिवाणू तर दोन्हींत आहे.

हा प्रश्न ज्याला टोचला तो माणूस म्हणजे पॉल-लुई सिमाँ. फ्रेंच लष्करी डॉक्टर, पाश्चर इन्स्टिट्यूटने १८९७ मध्ये येर्सिनच्या जागी मुंबईत पाठवलेला. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीकसा फोड असतो, आणि गाठ येते ती त्या फोडाच्या बाजूच्या जांघेत. फोडातल्या पाण्यात जिवाणू. म्हणजे आत शिरण्याची जागा ही असावी, आणि हा फोड कुणाच्या तरी चाव्यासारखा दिसतो. दोन, निरोगी उंदीर स्वतःला सतत साफ करतो, त्याच्या अंगावर पिसवा कमी. आजारी उंदीर साफसफाई सोडून देतो, त्याच्यावर पिसवांची गर्दी होते. तो मेला, अंग गार पडलं, की पिसवा दुसरं गरम अंग शोधायला निघतात. आता ते मघाचं कोडं सोडवून बघा. ताजा मेलेला उंदीर धोक्याचा का? पिसवा अजून त्याच्यावर आहेत. शिळा का नाही? त्या निघून गेल्या.

२ जून १८९८. कराची. तिथल्या रेनॉल्ड्स हॉटेलात सिमाँने जुळवाजुळव करून प्रयोग मांडला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर. त्याच्या अंगावर पिसवा भरपूर हव्यात, म्हणून साहेबांनी चक्क मांजराच्या अंगावरच्या पिसवा आणून सोडल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. काही दिवसांत निरोगी उंदीर मेला, आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जिवाणू सापडले. उलट बाजूही त्याने तपासली. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांसोबत ठेवला. त्यांना काही झालं नाही.

मला विचाराल तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. १८९८ मध्ये रिकामी जागा भरली गेली. त्याच सुमारास फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, ओगाता नावाच्या जपानी शास्त्रज्ञानेही पिसवांकडे बोट दाखवलं होतं.

पण लोकांनी मानलं नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने, प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली, देशभर साक्षी काढल्या, जाडजूड अहवाल लिहिला आणि रक्त पिणाऱ्या किड्यांचा मुद्दा निकालात काढला. त्यांचा कल पायांच्या भेगा आणि दूषित जमीन याकडे होता. हसू नका, त्यांचीही बाजू होती. दुसऱ्या काही जणांनी सिमाँचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, जमला नाही. युरोपातल्या एका शास्त्रज्ञाने तर सांगितलं की उंदराची पिसू माणसाला चावतच नाही, मग तिचा संबंध काय?

हा आक्षेप खोटा नव्हता, फक्त दुसऱ्या पिसूबद्दलचा होता. इथे आपल्याला वर्गीकरण लागतं, तो परीक्षेत सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा धडा. युरोपातल्या उंदरांवर ज्या पिसवा तेव्हा तपासल्या गेल्या त्या माणसाच्या वाट्याला फारशा जात नाहीत. भारतातल्या उंदरांवर असते ती वेगळी जात. झेनोप्सिला चिओपिस. तिला हे चिओपिस नाव १९०३ मध्ये दिलं चार्ल्स रॉथ्सचाइल्ड याने. बँकवाल्या रॉथ्सचाइल्ड घराण्यातला हा माणूस, आणि छंद काय, तर पिसवा गोळा करणं! नाव मोठ्या पिरॅमिडवाल्या राजाचं, कारण नमुने नाईलच्या खोऱ्यातले. ही पिसू उंदीर मिळाला तर उंदराला चावते, नाही मिळाला तर माणसाला. तिला चालतं.

आता परत मुंबईत या. परळला जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. वाल्डेमार हाफकिन याची. त्याने प्लेगची लस मुंबईतच बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पण त्याची गोष्ट एवढी मोठी आहे की तिला वेगळा भाग लागेल. आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तीच ही जागा. इथे डॉ. ग्लेन लिस्टन याने १९०३ च्या सुमारास एक साधी गोष्ट केली. एका चाळीत आधी उंदीर मेले, मग काही दिवस रहिवासी पिसवांनी हैराण झाले, मग माणसांना प्लेग झाला. लिस्टनने तिथल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा पकडल्या आणि एकेक ओळखून बघितली. जवळपास निम्म्या उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर ही पिसू क्वचितच सापडते. उंदीर मेले, यजमान संपले, पाहुण्या वरच्या मजल्यावर आल्या.

आणि मग १९०५ मध्ये नवीन कमिशन. यात इंडिया ऑफिस, लंडनची रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट. या मंडळींनी आधीच्या कमिशनसारख्या साक्षी काढत बसण्याऐवजी परळला छोट्या खोल्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग सोडले. या प्रयोगांच्या मी प्रेमात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिला प्रश्न, स्पर्शाने पसरतो का? प्लेग झालेले आणि निरोगी प्राणी एकाच खोलीत, पण पिसवा नाहीत. खोली मुद्दाम साफ करायची नाही. मलमूत्र तिथेच, खाणं त्यातच पडलेलं, जखमांचा पू सगळीकडे. घाणीला पूर्ण संधी दिली. साथ पसरली नाही. प्लेग झालेल्या मादीचं दूध पिणाऱ्या पिल्लांनाही झाला नाही. मग पिसवा सोडल्या. साथ सुरू. जितक्या पिसवा जास्त, तितका वेग जास्त.

दुसरा प्रश्न, हवेतून येतो का? एक पिंजरा जमिनीवर, एक जमिनीपासून दोन इंच उंच, एक दोन फूट उंच टांगलेला. हवा तिघांना तीच. जमिनीवरच्याला प्लेग झाला. दोन इंचांवरच्यालाही झाला, म्हणजे जमिनीला पाय टेकायची गरज नाही, भेगांचा सिद्धांत गेला. दोन फुटांवरचा ठणठणीत, म्हणजे हवेचाही गेला. कारण पिसूची उडी काही इंचांपलीकडे जात नाही, दोन फूट तर नाहीच नाही. एका टांगलेल्या पिंजऱ्याने दोन सिद्धांत उडवले.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. हे लोक प्रत्यक्ष प्लेग झालेल्या घरांत गेले आणि तिथे गिनीपिगचे पिंजरे जोडीने ठेवले. एका पिंजऱ्याभोवती माश्या पकडायचा असतो तसल्या चिकट थराचा सहा इंच रुंद पट्टा. दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीचा पट्टा, पण वाळूचा. वाळू कशाला? "पट्टा असणं" हाच फरक ठरू नये म्हणून. विज्ञानाच्या पुस्तकात कंट्रोल नावाची गोष्ट असते, दोन ओळींत उरकलेली. ती म्हणजे ही वाळू. वाळूतल्यांपैकी काही प्लेगने मेले. चिकट पट्ट्यातला एकही नाही. आणि पट्ट्याला चिकटलेल्या पिसवा यांनी फाडून तपासल्या. माणसाच्या पिसवांमध्ये जिवाणू जवळपास नाहीच, उंदराच्या पिसवांमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

यानंतर वाद उरला नाही. मांडवीतल्या पहिल्या पेशंटला दहा वर्षं होत आली होती. भारतात या साथीने पुढच्या दशकांत मिळून एक कोटीहून जास्त माणसं नेली.

एक प्रश्न अजून बाकी होता. पिसू चावली की जिवाणू माणसात जातो कसा? ती तर रक्त आत ओढते, बाहेर नाही टाकत. हे १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये सुटलं, आर्थर बॅकट आणि चार्ल्स मार्टिन यांच्याकडून. बॅकट आयुष्याची बरीच वर्षं ऑफिसात कारकून होता, किडे हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्यांनी पाहिलं की जिवाणू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढून वाढून तिथे बूच बसवतात. पिसूला रक्त ओढता येतं, पण ते पोटात उतरत नाही. ती उपाशी राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते. दर वेळी ओढलेलं रक्त बुचावर आदळून, जिवाणू घेऊन, जखमेत उलटं येतं. म्हणजे ज्या पिसूने एवढी माणसं मारली, ती स्वतः भुकेने मरत होती.

आता त्या एका मार्काच्या उत्तराला एक शेपूट जोडायचं राहिलं. प्लेग फुप्फुसात शिरला की तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो, मग पिसू लागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत भीती पसरली ती याच प्रकाराची. लाखो माणसं शहर सोडून निघाली, दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं.

पण सुरतेच्या आधी, त्याच वर्षी, बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठीच्या प्लेगची बातमी आली होती. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तीने लोक घराबाहेर राहिले, धान्य घरात राहिलं, उंदरांचं फावलं. ऑगस्टमध्ये गावकरी सांगू लागले की पिसवा फार झाल्यात आणि उंदीर मरतायत. त्यानंतर गाठी आलेले पेशंट. लिस्टनच्या चाळीतला तोच क्रम, एक्क्याण्णव वर्षांनी.

अशा गावात पहिलं काम कोणतं? उंदीर मारणं, असं कुणालाही वाटेल, आणि तिथेच घोळ होतो. उंदीर आधी मारले तर त्यांच्या सगळ्या उपाशी पिसवा एकदम मोकळ्या होतात आणि समोर गरम अंग माणसाचंच असतं. म्हणून आधी बिळांच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेने कीटकनाशक मारायचं आणि पिसवा संपवायच्या. सापळे आणि विष त्यानंतर.